पिकअप बदलला की तारा बदलल्या?

मागच्या एप्रिलमध्ये निलंग्याहून मावसभावाचा फोन आला. तो भीमगीतांच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. १४ एप्रिलपासून पुढचे दीड-दोन महिने त्यांचा सीझन असतो. आज निलंगा, उद्या औसा, परवा उदगीर, आणि सकाळी चारला टेम्पोत झोप.

"दादा, आवाज बसलाय बघ. जानेवारीत नवा पिकअप टाकला तवा कसा भरीव वाजायलता. आता पांघरुणाखालून वाजवल्यावानी यायलाय. पिकअप खराब झाला का? दुसरा कोणता टाकू?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही, कारण तो पिकअप माझ्याच सल्ल्यानं घेतला होता. आदल्या दिवाळीत त्यानं सोळा हजारांचा बेस घेतला, नवशिक्यांसाठी असतो तसला. जानेवारीत त्यातला मूळ पिकअप काढून नऊ हजारांचा नवा बसवला. एका कार्यक्रमाचे त्याला हजार-बाराशे मिळतात, म्हणजे आठ-नऊ रात्रींची कमाई. घेण्याआधी त्यानं मला विचारलं होतं. मी फिजिक्समध्ये पीएचडी करतो, त्यामुळे घरात तारेच्या, करंटच्या कुठल्याही वस्तूवर माझं मत शेवटचं धरलं जातं. मी दोन रात्री हौशी वादकांच्या पिकअप-तुलना ऐकल्या आणि सांगितलं, "घेऊन टाक, फरक स्पष्ट आहे."

फरक स्पष्ट होताच. तो कशामुळे होता, हे मी विचारलं नव्हतं. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिस चालू आहे. हौशी लोकांच्या तुलनेत ज्या चुका असतात त्याच आपल्या सिनॉप्सिसमध्ये असतात, फक्त आपली भाषा जड असते. म्हणून या तुलनांकडे एखाद्या पेपरचा रिव्ह्यू करावा तसं बघू.

आधी पिकअप म्हणजे काय

ज्यांनी गावात बेंजो पार्टी बघितली आहे त्यांनी पिकअप बघितलेला आहे. तारांखाली एक पट्टी असते, तिच्यातून वायर निघून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. आत चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार चुंबकामुळे स्वतः थोडी चुंबकीय होते. ती हलली की वेढ्यांमधून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि व्होल्टेज तयार होतं. बारावीला शिकलेला फॅरडेचा नियम, १८३१ सालचा. नायलॉनची तार लावली तर हा पिकअप मुका होतो.

बेस गिटारमध्ये दोन घराणी जास्त चालतात. लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला. १९५७ साली त्याच्या पिकअपचे दोन तुकडे केले गेले, दोन तारांखाली एक आणि दोन तारांखाली दुसरा. १९६० साली जॅझ बेस आला, त्यात दोन लांबट पिकअप, एक ब्रिजजवळ आणि एक मानेच्या बाजूला. आज स्वस्तात मिळणारे बहुतेक बेस या दोघांपैकी कोणाची तरी नक्कल असतात किंवा दोघांची खिचडी. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. महागड्यात अ‍ॅल्निकोच्या कांड्या असतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळलेलं लोखंड. भावानं सिरॅमिक काढून अ‍ॅल्निको बसवला होता.

या तुलनांचं काय चांगलं आहे

टीका करण्याआधी हे सांगायला हवं. हौशी वादक फुकटात भरपूर काम करतात. स्वतःच्या पैशानं चार-चार पिकअप घेतात, रात्र-रात्र सोल्डर करतात, तीच धून पुन्हापुन्हा वाजवतात आणि सगळं उघड ठेवतात. कोणती तार, कोणती केबल, कोणता अ‍ॅम्प, विचारलं तर सांगतात. आपल्या क्षेत्रात एखाद्या लेखकाला "सबस्ट्रेट कसे धुतले?" असं ईमेलवर विचारून बघा, सहा महिने उत्तर येत नाही. त्यामुळे हौशी लोकांना हसणं मला मान्य नाही. त्यांच्यातला चांगला माणूस त्याच्या खोलीतल्या मर्यादेत प्रामाणिक प्रयोग करत असतो. अडचण प्रयोगाच्या रचनेत आहे.

पहिली चूक: दोन गोष्टी एकदम बदलल्या

पिकअप बदलायचा तर आधी तारा काढाव्या लागतात, निदान सैल तरी कराव्या लागतात. काढलेल्या जुन्या तारा परत कोण लावतो? नवा पिकअप बसवला की माणूस हौसेनं नव्या ताराच चढवतो. भावानंही तेच केलं. त्याला आता विचारलं तेव्हा म्हणाला, "हो, तारा तर नव्याच टाकल्या की. नऊ हजाराच्या पिकअपवर जुन्या तारा कशाला?"

बेसच्या नेहमीच्या तारेवर बारीक तारेचं गुंडाळण असतं. त्या खाचांमध्ये घाम, धूळ आणि मळ बसतो. त्यामुळे तारेतले वरचे स्वर, म्हणजे तो खणखणीतपणा, लवकर मरतो आणि खालचे राहतात. एप्रिलमधल्या मराठवाड्यात मांडवाखाली रोज तीन तास वाजवणाऱ्याच्या तारा किती टिकणार? जानेवारीतला भरीवपणा आणि एप्रिलमधलं पांघरूण, दोन्हीचं उत्तर तारांमध्ये असू शकतं. पिकअप तेव्हाही तोच होता, आताही तोच आहे.

आपण याला कन्फाउंडिंग म्हणतो. पुस्तकातल्या व्याख्येनं ते लक्षात राहत नाही, म्हणून असं लक्षात ठेवा: ज्या कामासाठी तारा काढाव्याच लागतात, त्या कामाचा परिणाम नव्या तारांच्या परिणामापासून आपोआप वेगळा होत नाही. तो वेगळा करायचा तर मुद्दाम काहीतरी करावं लागतं. जुन्या पिकअपवर नव्या तारा लावून आधी रेकॉर्ड करायचं, मग त्याच तारा ठेवून पिकअप बदलायचा.

दुसरी चूक: मोठं म्हणजे चांगलं

पिकअपच्या बाजूला स्क्रू असतात, त्यांनी तो वर-खाली होतो. तारेच्या जवळ गेला की सिग्नल मोठा येतो. नवा बसवताना तो जुन्याच्या उंचीवर बसेल याची काही हमी नसते.

आता कानाची गंमत बघा. आवाज थोडासाच मोठा असेल तर माणूस "हा मोठा आहे" असं म्हणत नाही. तो "हा भरीव आहे", "याच्यात जीव आहे" असं म्हणतो. शिवाय आपला कान खालच्या स्वरांना मुळात बहिरा असतो. फ्लेचर आणि मुन्सन यांनी १९३३ साली दाखवलं की हळू आवाजात खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते वरच्यांपेक्षा वेगानं वर येतात. बेसची सर्वात जाड तार मोकळी वाजते ती सुमारे ४१ हर्ट्झवर. म्हणजे बेसचा आवाज नुसता वाढवला तरी तो "जास्त बेस असलेला" वाटणार. भावाचा "भरीव" हा शब्द मला तेव्हा पिकअपचा गुण वाटला होता. तो दोन स्क्रूंचा गुण असू शकतो.

मी ऐकलेल्या बहुतेक तुलनांमध्ये दोन्ही क्लिपचा आवाज मोजून समान केलेला नव्हता. आणि त्या मी मोबाइलवर ऐकल्या होत्या. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेरच पडत नाही. वरचे स्वर ऐकून मेंदू खालचा स्वर मनानेच भरून काढतो. ज्या वाद्याचा पायाच मला ऐकू येत नव्हता, त्याच्या पायाबद्दल मी फोनवर मत दिलं.

तिसरी चूक: जो आकडा मोजता येतो तोच महत्त्वाचा

पिकअपच्या चर्चेत एक आकडा नेहमी येतो, डीसी रेझिस्टन्स. प्रिसिजन पद्धतीचा पिकअप साधारण दहा-अकरा किलो-ओहम, जॅझचा एकेक सात-आठ किलो-ओहम. आकडा मोठा असेल तर पिकअप "हॉट", म्हणजे दणकट, असं समजलं जातं. मल्टिमीटर साडेतीनशे रुपयांत मिळतो, म्हणून हा आकडा सगळ्यांकडे असतो.

पण हा आकडा वायरची लांबी आणि जाडी सांगतो. तेवढेच वेढे बारीक वायरीचे घातले तर रेझिस्टन्स वाढतो, आउटपुट त्यामुळे वाढत नाही. अजून एक गणित मी भावासाठी केलं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश धरले तर फरक ३० अंशांचा, म्हणजे रेझिस्टन्समध्ये जवळपास १२ टक्के वाढ. थंडीत १० किलो-ओहम दाखवणारा पिकअप उन्हाळ्यात ११.२ च्या आसपास दाखवेल. ज्या फरकावर लोक दोन मॉडेलांना "सौम्य" आणि "दणकट" अशी नावं देतात, तेवढा फरक आमच्याकडं ऋतू बदलला की आपोआप पडतो. खऱ्या अर्थानं हॉट पिकअप.

आवाजाच्या रंगावर जास्त परिणाम करतं ते कॉइलचं इंडक्टन्स, आणि तेसुद्धा एकटं काम करत नाही. केबलची कपॅसिटन्स त्याला येऊन मिळते आणि दोघं मिळून एक रेझोनन्स ठरवतात, म्हणजे कुठल्या पट्टीपर्यंत आवाज उजळ राहील आणि पुढे कुठून पडेल. समजा इंडक्टन्स ५ हेन्री आहे आणि केबलची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड, तर रेझोनन्स सुमारे ३२०० हर्ट्झवर येतो. मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर ही पाच मीटरची केबल झाली. दहा मीटरची लावा, तोच रेझोनन्स सुमारे २२५० हर्ट्झवर घसरतो. पिकअपला हातही न लावता आवाज बदलला. खोलीत बसून तुलना करणाऱ्याची केबल तीन मीटरची असते, मांडवातल्या स्टेजवर भावाची दहा मीटरची.

याला प्रॉक्सीची चूक म्हणतात. हवी ती गोष्ट मोजणं अवघड, म्हणून सोपी गोष्ट मोजायची आणि मग तीच हवी होती असं मानायचं. इम्पॅक्ट फॅक्टर बघून पेपरची लायकी ठरवणारे आपणही यातून सुटलेलो नाही.

पिकअपची जागा आणि मिरजेचा तंबोरा

तुलनांमध्ये सर्वात कमी बोललं जातं ते पिकअपच्या जागेबद्दल, आणि माझ्या मते ती फार मोठी गोष्ट आहे. तार एकाच वेळी अनेक स्वरांत हलते. प्रत्येक वरच्या स्वराचे तारेवर काही शांत बिंदू असतात, तिथे त्या स्वरापुरती तार हलतच नाही. ब्रिजपासून तारेच्या बरोबर एक-पंचमांश अंतरावर पिकअप असेल तर मोकळ्या तारेचा पाचवा, दहावा स्वर त्याला जवळपास ऐकूच येणार नाही. तिथे कितीही महाग चुंबक ठेवा. बोटानं तार दाबली की तारेची लांबी बदलते आणि हे सगळं गणित सरकतं. प्रिसिजन आणि जॅझ वेगळे ऐकू येतात त्यामागे जागेचा वाटा मोठा आहे.

तार कुठे छेडली त्यावरूनही असंच होतं. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम सांगतो की ज्या बिंदूवर तार छेडली, तो ज्या स्वराचा शांत बिंदू आहे, तो स्वर उमटत नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवलं की तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात, कारण त्यांची घोडी सपाट-गोलसर असते आणि तार तिला घासत हलते. मिरजेचे कारागीर जवारी लावताना हाडाची घोडी कानसानं घासतात, मग सूत सरकवत सरकवत ऐकतात, त्यामागचं कारण हेच.

यातून विद्यार्थ्यानं काय घ्यावं? रामन यांनी अमुक तंबोरा चांगला की तमुक, असं विचारलं नाही. नियमानुसार जो स्वर यायला नको तो का येतो, असं विचारलं. पिकअपच्या तुलनेत पहिल्या जातीचे प्रश्न खूप असतात, दुसऱ्या जातीचे फार कमी. आपल्या सिनॉप्सिसमध्येही "तुलनात्मक अभ्यास" हे शब्द दिसले की मला आता थोडी धास्ती वाटते.

दुसरी बाजूही चुकते

या सगळ्यावर एक गट म्हणतो, "पिकअप-बिकअप सगळं मनाचं असतं. डोळे बांधा, कोणालाच ओळखता येणार नाही." हे ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण तेवढंच कच्चं आहे. एका माणसाला चार वेळा ऐकवून तो दोनदा चुकला, यावरून फरक नाही असं सिद्ध होत नाही. चाचणीच लहान होती, एवढंच सिद्ध होतं.

नीट करायचं तर असं. १६ वेळा ऐकवा, दर वेळी कोणता पिकअप ते नाणं उडवून ठरवा, ऐकवणाऱ्यालाही माहीत नसू दे. नुसत्या अंदाजानं १२ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के आहे. म्हणजे १२ आले तर काहीतरी ऐकू येतंय असं म्हणायला जागा आहे. पण अशी चाचणी २० हौशी लोकांनी घेतली, तर एकालाही खरा फरक कळत नसताना निदान एकाचे १२ येण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते. आणि ज्याचे आले तोच सगळीकडे सांगत फिरणार, बाकीचे एकोणीस गप्प बसणार. आपल्याकडे छापून येणाऱ्या निकालांचंही बरंचसं असंच आहे.

आणखी एक. दोन मॉडेलांची तुलना म्हणजे प्रत्यक्षात दोन नगांची तुलना. त्याच मॉडेलचे दुसरे दोन नग आणले तर त्यांच्यात आपापसात किती फरक आहे, हे जोवर बघितलं नाही, तोवर दोन मॉडेलांमधल्या फरकाला अर्थ द्यायचा तरी कसा?

चांगली तुलना कशी असते

उदाहरण व्हायोलिनचं आहे. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना सहा व्हायोलिनं दिली. तीन नवी आणि तीन जुनी इटालियन, त्यांपैकी दोन स्ट्रॅडिव्हारी. वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल, खोलीत अंधार. जुन्या लाकडाच्या वासानं ओळख पटू नये म्हणून हनुवटी टेकवायच्या जागी थोडं अत्तरसुद्धा लावलेलं. सर्वात जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, सर्वात कमी एका स्ट्रॅडिव्हारीला.

टीका झाली. हॉटेलची खोली होती, वेळ कमी होता, मोठे एकल वादक नव्हते. मला आवडतं ते पुढचं. त्यांनी टीकेवर वाद घालत बसण्याऐवजी पॅरिसजवळ प्रयोग पुन्हा केला. दहा नामवंत एकल वादक, बारा व्हायोलिनं, जास्त वेळ आणि खरा कार्यक्रमाचा हॉल. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. दहापैकी सहा वादकांनी स्वतःच्या व्हायोलिनच्या जागी घ्यायला नवं व्हायोलिन निवडलं.

यावरून "जुनी व्हायोलिनं वाईट" असा निष्कर्ष निघत नाही आणि त्यांनी तो काढलाही नाही. नाव माहीत नसताना नाव ओळखता येत नाही, एवढंच.

खोली आणि मांडव

पिकअपच्या तुलना शांत खोलीत होतात. भाऊ वाजवतो मांडवात. तिथे जनरेटर असतो, रंगीत लाइट असतात, अर्थिंग बहुतेक वेळा देवाच्या भरवशावर. साध्या एकेरी कॉइलमध्ये हे सगळं घुसतं आणि घूंऽऽ असा आवाज येत राहतो. आपली वीज ५० हर्ट्झची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला जो स्वर वाजतो तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे ही घूं नेमकी बेसच्या अंगणात येऊन बसते, इक्वलायझरनं कापायला जावं तर स्वरही कापला जातो.

१९५७ च्या त्या दोन तुकड्यांच्या पिकअपमध्ये दोन्ही अर्ध्यांची गुंडाळण आणि चुंबकाची दिशा एकमेकांच्या उलट असते. बाहेरून आलेली घूं दोन्हीकडे उलटसुलट पडून एकमेकींना मारते, तारेचा सिग्नल मात्र शाबूत राहतो. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले तर तिथेही बरंचसं असंच होतं, पण एकाचा आवाज कमी केला की घूं परत येते. भावाच्या डोक्यात पुढच्या वर्षी जॅझ पद्धतीचा बेस घ्यायचं होतं, कारण तुलनांमध्ये त्याचा "गुरगुराट" वाखाणलेला. ब्रिजजवळचा पिकअप एकटा ठेवला की तो गुरगुराट येतो. म्हणजे नेमकी तीच अवस्था जिच्यात मांडवात घूं येणार. ही गोष्ट खोलीतल्या एकाही तुलनेनं त्याला सांगितली नव्हती, कारण खोलीत हा प्रश्नच नव्हता.

प्रयोगशाळेतला निकाल बाहेर लागू पडतो का, असा प्रश्न व्हायवात हमखास येतो. आपण उत्तर पाठ करून जातो. मला तो प्रश्न खरा समजला तो या फोननंतर.

माझंही तेच

एक कबुली. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी स्प्रे पायरोलिसिसनं झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्म बनवत होतो, गॅस सेन्सरसाठी. द्रावणाची तीव्रता बदलली आणि प्रतिसाद एकदम सुधारला. मी खूश, गाइड खूश, कॉन्फरन्सला पोस्टरही गेलं. सहा महिन्यांनी परत करायला गेलो तर निकाल येईना. वही उलटीपालटी केल्यावर सापडलं की त्याच आठवड्यात काचेच्या पट्ट्यांचा नवा डबा फोडला होता, आणि नव्या पट्ट्या धुण्याची पद्धतही मी "जरा सुधारली" होती. नव्या पिकअपवर नव्या तारा. भावाला मी चुकीचा सल्ला दिला, तेव्हा हा अनुभव माझ्या गाठीशी होता. तरी चूक दिसली नाही, कारण विषय बदलला की आपण शिकलेलं मागे ठेवून येतो.

मग काय केलं

भावाला सांगितलं, पिकअप घेऊ नको, आधी सतराशेच्या तारा घे. नव्या तारा चढवल्यावर त्याचा फोन आला, "दादा, आला की आवाज!" त्याच्या बाजूनं प्रश्न मिटला. माझ्या बाजूनं नाही. जानेवारीतला फरक पिकअपचा किती, तारांचा किती, स्क्रूंचा किती, हे आता कधीच कळणार नाही. जुना सिरॅमिक पिकअप घरात डब्यात पडून आहे. तो परत बसवला तरी आधीचं रेकॉर्डिंग कुठे आहे? ते केलंच नव्हतं. नऊ हजार खरंच वाया गेले की नाही, हेसुद्धा आम्हाला ठामपणे म्हणता येत नाही, आणि मला हेच जास्त लागतं.

नवीन शिकणारा कोणी मला आता विचारतो तेव्हा मी हा क्रम सांगतो. मान सरळ आणि पडदे नीट असलेला साधा बेस घ्या. तो जाणकाराकडून एकदा नीट लावून घ्या, तारांची उंची आणि पिकअपची उंची दोन्ही. तारा वेळच्या वेळी बदला. पैसे उरले तर खालचे स्वर खरंच बाहेर काढणारा स्पीकर घ्या. पिकअप सगळ्यात शेवटी. मोटाउनचा जेम्स जेमरसन प्रिसिजन बेसवर एका बोटानं वाजवायचा, तारा सपाट गुंडाळणीच्या, आणि शक्यतो बदलायच्याच नाहीत. त्याला खणखणीतपणा नकोच होता. म्हणजे हा क्रमसुद्धा सगळ्यांना लागू नाही, आधी कुठला आवाज हवा ते ठरवावं लागतं.

आणि सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी, मार्गदर्शकाकडे जाण्याआधी स्वतःला विचारायचे पाच प्रश्न:

१. मी जी गोष्ट बदलतोय, तिच्यासोबत आपोआप आणखी काय बदलतं?
२. बदलण्याआधीची नोंद माझ्याकडे आहे का?
३. मी मोजतोय ते मला हवं आहे म्हणून, की मीटर हाताशी आहे म्हणून?
४. एकाच प्रकारच्या दोन नमुन्यांमध्ये किती फरक पडतो, हे मी बघितलंय का?
५. माझा निकाल जिथे वापरला जाणार, ती जागा माझ्या खोलीसारखी आहे का?

परवा बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर भावानं एक ऑडिओ पाठवला. त्यात गाणं नव्हतं, चारही मोकळ्या तारा एकेक करून वाजवलेल्या. खाली लिहिलं होतं, "तारा बदलायच्या आधीचं. कीबोर्डवाल्याच्या मिक्सरमधून घेतलंय, आवाजाची खूण पेनानं करून ठेवलीय. उद्या नव्या टाकून असंच पाठवतो."